प्रार्थना सुचत नाही तेव्हा: अपघातानंतरच्या दिवसांविषयी एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे पती आठ महिन्यांपूर्वी हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेले. तीन दिवस आयसीयूत होते. मी बाहेरच्या बाकावर बसून सारखी प्रार्थना करत होते. घरी चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. मी कंपनीत शिफ्टमध्ये काम करते. पूर्वी रोज रात्री घरची प्रार्थना व्हायची, ती हेच घ्यायचे. आता मी डोळे मिटले की शब्दच फुटत नाही. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, विश्वासात ढळू नका. प्रार्थनाजीवन पुन्हा बळकट कसे करू? मुलगा तर प्रार्थनेला बसायलाही तयार नाही."

ताई, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मी आधी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत आणि नंतर पुण्यात पाळक म्हणून सेवा केली. दफनविधी बरेच घेतले, आणि त्यानंतर त्या घरांत जात राहिलो. जे सांगतो आहे ते त्या घरांमधून शिकलो आहे.

पहिली गोष्ट ही, की प्रार्थनाजीवन बळकट करण्याचा विचार काही दिवस सोडून द्या. आत्ता तुमची प्रार्थना लहान होऊ द्या, अगदी एका ओळीची. खरी होऊ द्या, म्हणजे मनात राग असेल तर रागाची. आणि ती एकटीने पेलायचा हट्ट सोडा. शब्द दुसऱ्यांचे चालतील, आवाजही दुसऱ्यांचा चालेल. पुढे लिहिले आहे ते सगळे या तीन गोष्टींचाच विस्तार आहे.

पण त्याआधी आयसीयूबाहेरच्या बाकाविषयी बोलले पाहिजे. तुम्ही स्पष्ट विचारलेले नाही, तरी प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे. तीन दिवस आणि तीन रात्री मागितले आणि ते मिळाले नाही. आता पुन्हा त्याच देवापुढे डोळे मिटायचे, तर कोणत्या तोंडाने? तुमचे शब्द तिथेच अडलेले आहेत. आळशीपणाचा किंवा अविश्वासाचा यात काही संबंध नाही.

यावर लोक उत्तरे देतील. "देवाची योजना असते", "चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात", "अजून जोर लावून प्रार्थना करायला हवी होती". यातले शेवटचे वाक्य कोणी बोलले असेल, तर ते मनातून काढून टाका. ते खोटे आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः मागितले की हा प्याला माझ्यावरून टळून जावो. मत्तय सांगतो की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द पुन्हा बोलून प्रार्थना केली. तो मरणाचा प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली, तो काटा राहिला. मागणे पूर्ण न होणे हे विश्वास कमी पडल्याचे लक्षण असते, तर हे दोघे सगळ्यात आधी नापास झाले असते. तुमच्या त्या तीन दिवसांच्या प्रार्थनेत काही कमी नव्हते. तुमचे पती का गेले याचे कारण शास्त्र आपल्याला देत नाही, आणि जिथे शास्त्र गप्प आहे तिथे पाळकानेही गप्प राहावे असे मी मानतो.

शास्त्र गप्प नाही ते दुसऱ्याच ठिकाणी. लाजर मेल्यावर त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघीही प्रभूला एकच वाक्य ऐकवतात: "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." ही सरळ तक्रार आहे. तू उशिरा आलास, हे त्या त्याच्या तोंडावर म्हणतात. प्रभू त्यांना दटावत नाही, विश्वासात ढळू नका असेही म्हणत नाही. मरीयेचे ते वाक्य ऐकून तो विचारतो, त्याला कोठे ठेवले आहे? आणि मग रडतो. ताई, ती तक्रार म्हणजे त्या दोघींची प्रार्थनाच होती. तुमच्या मनात असेच वाक्य असेल तर तेच म्हणा, आधी त्याला गोड करू नका.

आता शब्द कुठून आणायचे ते सांगतो.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतला मोठा भाग विलापाचा आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र तेविसावे, एकशे एकविसावे, एकशे तिसरे अशी ठराविकच वाचली जातात. त्यामुळे अनेकांना वाटते की बायबलमध्ये रडायला जागाच नाही. आज रात्री तेरावे स्तोत्र काढा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा एकच प्रश्न चार वेळा आला आहे: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात हे दुःख वागवू, कोठवर शत्रू माझ्यावर वरचढ राहणार. पुढच्या दोन वचनांत तो मागतो: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश येऊ दे. शेवटच्या दोन वचनांत तो भरवशाकडे वळतो. वाचताना पहिल्या चार वचनांपर्यंतच पोचलात आणि पुढची दोन खरी वाटेनात, तर तिथेच थांबा आणि आमेन म्हणा. पुढची वचने पानावर आहेत, कुठे जात नाहीत. काही महिन्यांनी ती वाचता येतील.

आणि ज्या दिवशी तेही जमणार नाही, त्या दिवसासाठी अठ्ठ्याऐंशीवे आहे. या स्तोत्रात वळणच नाही. बोलणारा रात्रंदिवस आरोळी मारतो, देवानेच आपल्याला खोल खड्ड्यात टाकले असे म्हणतो, आणि मित्र व आप्त दूर गेले, अंधार तेवढा उरला, असे म्हणून संपवतो. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवले गेले, कोणी ते गाळले नाही. कॅथलिक चर्चच्या नित्यप्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र म्हटले जाते. म्हणजे जगभर हजारो धर्मगुरू आणि मठवासी भगिनी दर आठवड्याला एका रात्री, स्वतः सुखात असोत वा नसोत, हे शब्द म्हणून झोपतात. शुक्रवारी रात्री तुम्ही ते उघडलेत, तर त्यांच्यासोबतच म्हणत असाल.

दुसऱ्यांचे शब्द म्हणजे कमी दर्जाची प्रार्थना, असा आपल्या मंडळ्यांत एक समज आहे. 'मनापासून' म्हणजे उत्स्फूर्त, आणि वाचून म्हटलेली म्हणजे कोरडी. हे बरोबर नाही. वधस्तंभावर प्रभूचा श्वास अडकत होता तेव्हा त्याच्या तोंडी आलेले "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. शेवटचे "तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो" हेही एकतिसाव्या स्तोत्रातले आहे. देवाच्या पुत्राने मरणाच्या वेदनेत पाठ असलेले जुने शब्द वापरले. तुम्हीही वापरा.

म्हणून पहिले काही आठवडे एवढेच करा: रात्री झोपण्यापूर्वी एक विलापाचे स्तोत्र, आवाज करून. आवाज करून म्हणजे कुजबुजत का होईना, पण ओठ हलले पाहिजेत. मनातल्या मनात वाचताना दुःखी माणसाचे मन दुसऱ्याच ओळीला त्या रस्त्यावर, त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन पोचते. तोंडाने उच्चारले की निदान तेवढा वेळ ते शब्दांसोबत राहते. तेरा, बावीस, बेचाळीस, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, एकशे तीस, ही सहा आलटून पालटून पुरेत. तेवीस सध्या वाचवत नसेल तर वाचू नका. अनेक घरांत ते कबरेजवळ वाचलेले असते आणि त्याच्या पहिल्या ओळीबरोबर मातीचा आवाज कानात येतो. त्याला वेळ द्या.

आता घरच्या प्रार्थनेविषयी. तुम्ही जाता जाता लिहिले आहे की ती प्रार्थना "हेच घ्यायचे". माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. आपल्या घरांत बहुधा असेच असते. जेवणे झाली की टीव्ही बंद, बायबल काढायचे, एक गीत, एक पाठ, आणि मग वडील प्रार्थना करतात. आई आणि मुले आमेन म्हणतात. त्या प्रार्थनेला वडिलांचा आवाज असतो, त्यांच्या ठरलेल्या वाक्यांची सवय असते. ते गेले की माणूस जातोच, आणि त्याबरोबर घराचा प्रार्थनेचा आवाजही जातो. तुम्हाला शब्द सुचत नाहीत याचे एक कारण हेही आहे, की इतकी वर्षे ते शब्द दुसऱ्या कोणी म्हणत होते आणि तुम्ही त्यांच्या मागे आमेन म्हणून खरोखर प्रार्थना करत होतात.

त्यांच्यासारखी प्रार्थना करायचा प्रयत्न करू नका, आणि मुलावर "आता तूच घरातला मोठा, तू घे" असे लादू नका. प्रार्थनेची रचनाच बदला. मी अशा घरांना पुढीलप्रमाणे सुचवत आलो आहे, आणि जिथे ते धरून ठेवले तिथे प्रार्थना बंद पडलेली मी पाहिलेली नाही.

जागा बदला. ते ज्या खुर्चीवर किंवा पलंगावर बसत, तिच्यासमोर गोल करून बसू नका, तिथे नजर अडते. स्वयंपाकघरात खाली चटईवर बसा. वेळ ठरवा, पण सात-आठ मिनिटांच्या वर नेऊ नका. मुलीला वाचू द्या, मार्कच्या शुभवर्तमानातून पाच-सहा वचने, क्रमाने. नऊ वर्षांची मुलगी अडखळत वाचेल. तिला दुरुस्त करत बसू नका. मग सासूबाईंना त्यांना पाठ असलेल्या गीताचे एक कडवे म्हणू द्या. म्हाताऱ्या माणसांना 'उपासनासंगीत' या गीतपुस्तकातली गीते अशी तोंडपाठ असतात की आवाज गेला तरी शब्द जात नाहीत. नारायण वामन टिळकांनी आपल्या मंडळीला अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर गायला दिले याचे मोल मला अशा घरांत कळते. जात्यावर ओव्या म्हणत वाढलेल्या आजीला ती चाल परकी वाटत नाही, आणि तिने सुरुवात केली की बाकीचे आपोआप सूर लावतात. त्या आई आहेत, त्यांचा मुलगा गेला आहे, हे विसरू नका. घरात सगळे तुमच्या वैधव्याकडे पाहतात आणि आईचे दुःख कोपऱ्यात राहते. त्यांना गीताचे काम दिले म्हणजे त्यांचे दुःखही त्या चटईवर येते.

मग प्रत्येकाने देवाला एकच वाक्य सांगायचे. लांब नको. "पप्पांची आठवण येते." "उद्या गणिताचा पेपर आहे." "मला राग आला आहे." यापैकी काहीही चालेल. कोणी काहीच बोलले नाही तर क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणायची. तुम्ही 'प्रार्थना घेत' नाही, कोणीच घेत नाही. सगळे मिळून ती पूर्ण करतात.

एका गावात साखर कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबातला मुलगा विहिरीत बुडून गेला होता. त्याची आई रात्रीच्या प्रार्थनेला बसायची आणि तिच्या पाळीला उघड्या बायबलवर नुसता तळहात ठेवायची. तोंडातून शब्द नाही. घरच्यांनी तेवढी तिची पाळी मानली. पुढच्या वर्षी कापणीच्या सणाला ती पहिल्यांदा बोलली, आणि बोलली तेही दुसऱ्याच कोणाच्या आजारी लेकरासाठी.

हन्नेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. शिलो येथे ती परमेश्वरापुढे रडत होती, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटले की ही दारू प्यायली आहे. देवळातल्या माणसाला तिची प्रार्थना ओळखता आली नाही, देवाला आली. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की यथायोग्य प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नाही, आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. हे वचन लोक बरेचदा इतरांच्या सांत्वनासाठी वापरतात. तुम्ही स्वतःसाठी अक्षरशः घ्या. कण्हणे चालते.

शिफ्टच्या दिवसांचे काय करायचे ते आता. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट, दर आठवड्याला वेळ बदलते. तिथे "पहाटे पाचला उठून एक तास" हा सल्ला निरुपयोगी आहे. तो ऐकून अपराधी वाटून घेऊ नका. प्रभू पहाटे अंधारात एकांती गेला हे मार्कने लिहिले आहे, पण रात्रभरची प्रार्थना, प्रवासातली, जेवणाआधीची, गर्दीतली, अशा सगळ्याच शुभवर्तमानांत आहेत. घड्याळाच्या वेळेऐवजी कामाला बांधून घ्या. कंपनीची बस लागली आणि तुम्ही खिडकीशी बसलात की प्रभूची प्रार्थना, एकदा, सावकाश. प्रत्येक विनंतीनंतर थांबायचे. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथे पगार, शाळेची फी, विम्याचे कागद, अपघाताच्या दाव्याची तारीख, जे काही त्या दिवशी डोक्यावर असेल ते ठेवायचे. ही विनंती मोठ्या अर्थाने सुंदर आहेच, पण ती आधी रेशनची आणि पैशाची विनंती आहे. नव्या विधवेच्या घरात त्यात भरायला बरेच असते. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे त्या गाडीच्या ड्रायव्हरचे तोंड डोळ्यांपुढे येईल. येऊ द्या. क्षमा केली असे खोटे म्हणू नका. "प्रभू, मला हे अजून जमत नाही" एवढे म्हणून पुढच्या विनंतीवर जा. माझा अनुभव असा की हे वाक्य दोन वर्षे म्हणत राहिलेले लोक एक दिवस ते न म्हणता पुढे जातात, आणि त्यांना ते नंतर लक्षात येते.

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या विनंतीवर अडखळायला झाले तर तेही समजण्यासारखे आहे. ती म्हणताना कोणी अशी समजूत करून देत असेल की अपघात हीच देवाची इच्छा होती आणि तुम्ही तिला होकार देत आहात, तर तसे नाही. "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही" असे आपण मागतो ते पृथ्वीवर अजून तसे होत नाही म्हणूनच. ती विनंती घडलेल्या मरणावरची सही नव्हे. मरण नसेल अशा दिवसाची ती मागणी आहे.

एक वही करा. आठवड्याच्या सात दिवसांना सात पाने, प्रत्येक पानावर दोन-तीन नावे. मुलांची, माहेरच्यांची, कामावरच्या मैत्रिणीची, वॉर्डात तुमच्या शेजारी बसलेल्या त्या दुसऱ्या कुटुंबाची. त्या दिवशी फक्त तीच नावे घ्यायची, नाव घेतले की झाले. दुःखात माणूस आत आत जातो, आणि दुसऱ्याचे नाव तोंडी आले की थोडा बाहेर येतो. पण हे पहिल्या सहा-आठ आठवड्यांनंतर. आधी स्तोत्रे. व्हॉट्सॲपवर रोज येणारी 'आजचे वचन' फुले आणि सूर्योदयांसकट वाचून पुढे ढकलणे म्हणजे प्रार्थना नव्हे, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. सध्या ते दोन-तीन ग्रुप म्यूट केलेत तरी काही बिघडणार नाही.

मंडळीविषयी. पहिले आठ-दहा दिवस घरात रोज संध्याकाळी प्रार्थनेला माणसे येत होती, चहाचे कप पुरत नव्हते. सांत्वनाची उपासना झाली, आणि नंतर एकेक करून सगळे आपापल्या संसारात गेले. खरे दुःख तर त्यानंतर सुरू होते. यात कोणाची दुष्टाई नाही, लोकांना काय करावे ते कळत नाही. म्हणून तुम्हाला सांगावे लागेल, आणि नेमके सांगावे लागेल. महिला मंडळातल्या दोन बायका निवडा, ज्या कमी बोलतात अशा. त्यांना म्हणा, "मला सध्या प्रार्थना करता येत नाही. माझ्या जागी तुम्ही करा. आठवड्यातून एकदा घरी या, एक स्तोत्र वाचा, प्रार्थना करा आणि जा. उपदेश नको." असे मागण्यात कमीपणा नाही. कफर्णहूमात त्या पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून छपरातून खाली सोडले, आणि मार्क लिहितो की प्रभूने "त्यांचा विश्वास" पाहिला. खाटेवरचा माणूस स्वतः एक शब्दही बोललेला नाही.

"विश्वासात ढळू नका" म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही. पण तुमच्या मनासाठी ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट वाचा. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे सगळे ठीक होते. नंतर ते देवाची बाजू मांडू लागले. ईयोब मात्र भांडला, ओरडला, जन्मदिवसाला शाप दिला. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्या सेवक ईयोबाप्रमाणे तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. भांडणाऱ्याची बाजू देवाने घेतली.

तुमच्या शरीराकडेही लक्ष द्या, कारण प्रार्थना शरीरानेच करावी लागते. एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. देवाचा आवाज त्याने ऐकला तो त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेबवर. नाइट शिफ्ट, अर्धपोटी जेवण आणि रात्री दोन-तीन तास झोप, अशा अवस्थेत देव दूर वाटला तर नवल नाही. या वर्षी उपास धरू नका, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, लेंटमध्येही नको. आठ महिन्यांनंतरही झोप लागत नसेल, कामात हात चालत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. मधुमेहाची गोळी घ्यायची आपल्याला लाज वाटत नाही, मग याच गोळीची लाज कशाला?

पंडिता रमाबाईंचे आयुष्य मी अशा वेळी घरांत सांगतो, कारण तुमच्यासारखाच प्रसंग त्यांच्यावर आला होता. दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले, तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि पदरात वर्षाच्या आतली मनोरमा होती. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतरही विश्वास एका दिवसात पक्का झाला असे नाही, तो समजून घेत, प्रश्न विचारत, बिशपांशी आणि सिस्टरांशी पत्रांतून वाद घालत त्या कित्येक वर्षे चालत राहिल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, दुष्काळातल्या शेकडो मुली तिथे आल्या. आणि १९२१ मध्ये ती मनोरमाही गेली, आईच्या आधी. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. लेकीच्या नंतरही त्यांनी ते सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मला यात दिसते ते हे, की त्यांनी दुःख संपण्याची वाट पाहिली नाही. रोज त्याच शास्त्राच्या ओळींशी बसणे चालू ठेवले, त्या दिवशी मन लागो वा न लागो.

काही तारखा आधीच ओळखून ठेवा. पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस, अपघाताची तारीख. या दिवशी घरात प्रार्थनेला कोणाला तरी बोलवा, किंवा घरात थांबूच नका. नाताळच्या आदल्या रात्री कॅरलवाली मुले दारात येतील. दार उघडवत नसेल तर पाळकांना आधी सांगून ठेवा, ते घर वगळतील, किंवा मुले फक्त एक शांत गीत गाऊन जातील. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना मात्र चुकवू नका. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा उद्गार वाचला जाईल, "एलोई, एलोई, लमा सबख्थनी", म्हणजे तेच "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?". त्या दिवशी संपूर्ण मंडळी तुमच्या मनातले वाक्य मोठ्याने म्हणत असते, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर कोणी वळून पाहत नाही. ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात उपासना असेल तर मुलांना घेऊन जा, कबर आधीच्या दिवशी स्वच्छ करून ठेवा.

आणि शेवटी मुलगा. चौदाव्या वर्षी वडील जाणे, त्यातही त्याने तीन दिवस आईला प्रार्थना करताना पाहिलेले, आणि मग ते गेले. तो प्रार्थनेला बसत नाही, कारण त्याच्या हिशेबाने प्रार्थना केली होती आणि तिचा उपयोग झाला नाही. त्याच्याशी वाद घालू नका, "पप्पांना काय वाटेल" असे तर चुकूनही म्हणू नका. त्याला सांगा, "बसलास तर बरे, नाही बसलास तरी जेवण तेच." तो दुसऱ्या खोलीत असला तरी प्रार्थना स्वयंपाकघरातच, त्याला ऐकू जाईल अशी करा, आणि तुमच्या एका वाक्यात कधीतरी तुमचा रागही देवाला सांगा. आई देवावर रागावली आहे आणि तरी देवाशीच बोलते आहे, हे त्याने ऐकले पाहिजे. त्याला मामा किंवा काका असेल तर आठवड्यातून एकदा त्याला बाहेर घेऊन जायला सांगा, क्रिकेटला, गाडीच्या सर्व्हिसिंगला, कुठेही, धर्माचे काही न बोलता. तरुण संघात एखादा समजूतदार मुलगा असेल तर पाळकांना सुचवा. वडिलांचे बायबल त्याच्या कपाटात ठेवा. ते त्याला वाचायला सांगू नका. त्यात त्यांनी पेनाने खुणा केलेल्या असतील, कडेला तारखा लिहिल्या असतील, तर हे त्याला माहीत असू द्या, एवढेच. आणि तो कधी म्हणाला, "मला देव नको," तर त्याला म्हणा की हे तू देवाला सांग, मी ऐकून घेतले आहे.

तुमच्या पाळकांना हे पत्र दाखवायला हरकत नाही. दोन महिन्यांनी कसे चालले आहे ते जरूर कळवा, विशेषतः सासूबाई कोणते गीत म्हणतात ते.